कासवांच्या हंगामात पुळणीवर नियम लावायचे आहेत, सुरुवात कुठून करू?

माडाखालचा

नमस्कार मंडळी. दापोली तालुक्यात, हर्णैपासून फार लांब नाही असं आमचं गाव. नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण गावातले निम्मे लोक इथे वाचतात आणि उरलेल्या निम्म्यांना वाचून दाखवतात. पुण्यातली नोकरी सोडून परत आलो, आजोबांच्या वाडीत चार खोल्या बांधल्या आणि आता पर्यटकांवरच घर चालतं. आई जेवणाचं बघते, मी बाकीचं.

आमच्या पुळणीवर दर वर्षी ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालायला येतात. सुरूच्या बनाच्या कडेला जाळी मारून हॅचरी, म्हणजे अंडी राखून ठेवायची जागा, केलेली आहे, गावातले दोघे कासवमित्र आहेत. इथपर्यंत सगळं छान. पण अलीकडे शनिवार-रविवारी पुळणीची जत्रा होते. गाड्या सरळ वाळूत उतरतात. त्यातली एखादी रुततेच, मग ती ओढायला ट्रॅक्टर येतो, तोही वाळूतूनच. एटीव्ही (वाळूत चालणाऱ्या छोट्या उघड्या चारचाकी) फिरवणारी पोरं आहेत, ती माझीच चुलतभावंडं. दक्षिणेच्या टोकाला नवीन रिसॉर्ट झालंय, त्याचे हॅलोजन समुद्राकडे तोंड करून रात्रभर चालू असतात. शेकोट्या, स्पीकर हे तर सांगायलाच नको.

आता फेब्रुवारीत पुण्याहून बावीस जणांचा एक ग्रुप येतो म्हणतोय. त्यांना रात्री टॉर्च घेऊन कासव शोधण्याची सफर हवी आहे आणि पैसे चांगले देतायत. फोनवर पहिलाच प्रश्न आला, "कासव नक्की दिसेल ना?" मी "बघू" म्हणून ठेवला.

पुढच्या महिन्यात ग्रामसभा आहे. विषय मांडायचा आहे, पण नेमकं काय मागावं ते कळत नाही. सगळं बंद करा म्हटलं तर आधी मलाच बंद करतील. ज्यांच्या गावात हे झालंय त्यांनी जरा सविस्तर सांगा.

वाडीवाली माई

आधी त्या रात्रीच्या सफरीचं. करू नकोस. (अरे-तुरे करते, माझा मुलगा तुझ्याच वयाचा असणार.)

मादी रात्री वर येते, बहुतेक भरतीच्या पाण्याबरोबर, म्हणजे वाळूत सरपटायचं अंतर कमी होतं. त्या वेळी तिला टॉर्च दिसला किंवा माणसांची हालचाल जाणवली, की अंडी न घालता मागे फिरते. सकाळी नुसता माग दिसतो, वर आलेला आणि खाली गेलेला, मध्ये घरट्याचा पत्ता नाही. एकदा अंडी घालायला लागली की मग मात्र ती सहसा जागची हलत नाही. म्हणून व्हिडिओ काढणाऱ्यांना वाटतं, तिला काय त्रास होतोय, बसलीय की शांत. मागे फिरून गेलेल्या कासवाचा व्हिडिओ कोणी काढत नाही.

आणि ती कुठल्या रात्री येणार हे सांगणार कोण? ओडिशात गहिरमाथ्याला हजारोंनी एकदम वर येतात, आपल्याकडे एकेकटी येते. बावीस माणसं रात्रभर पुळणीवर हिंडवलीस तर त्यांना फार तर कोल्हा दिसेल. दुसऱ्या दिवशी तुझ्या नावाने एक तारा देऊन मोकळे होतील.

माझे धाकटे दीर आमच्या गावचे कासवमित्र आहेत. हंगामात पहाटे चारच्या सुमारास उठून पुळणीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जातात, कारण कुत्री आणि कोल्हे त्यांच्या आधी पोचले तर सगळंच संपलं. माग दिसतो तो ट्रॅक्टरचं चाक गेल्यासारखा. तो जिथे संपतो तिथे वाळू विस्कटलेली असते. त्यात बारीक काठी हलक्या हाताने टोचत जायचं, काठी भसकन खाली गेली की तिथे हाताने उकरायचं. शंभर-सव्वाशे अंडी निघतात, कधी त्याहून जास्त. ती मोजत मोजत ओल्या वाळूसकट बादलीत ठेवायची आणि हॅचरीत तसाच खड्डा करून पुरायची, साधारण दीड फूट खोल, तोंड अरुंद, तळ गोल. हे त्याच सकाळी उरकावं लागतं. काही तासांत गर्भ आतून कवचाला चिकटतो, त्यानंतर अंडं उलटंपालटं झालं तर मरतो. म्हणून माझे दीर बादली घेऊन चालतात तेव्हा वाटेत कोणाशी बोलत नाहीत. पूर्वी मला वाटायचं, माणूस शिष्ट आहे.

मग पंचेचाळीस ते साठ दिवस वाट बघायची. वाळू किती तापते त्यावर दिवस ठरतात, आणि पिल्लू नर होणार की मादी हेही त्यावरच. वाळू जास्त तापली की माद्या जास्त. म्हणून ऊन चढायला लागलं की आमच्याकडे हॅचरीवर हिरवी जाळी टाकतात.

हे सगळं एवढ्यासाठी लिहिलं, की तुझ्या पाहुण्यांना दाखवण्यासारखं हे आहे. पिल्लं बाहेर आली की सकाळी सातच्या आणि संध्याकाळी सहाच्या सुमारास सोडतात. ती बघायला ने. दोरीच्या मागे उभं करायचं, फ्लॅश बंद, हात लावायचा नाही, पिल्लाला उचलून पाण्यात सोडायचं नाही. वाळूतून ते स्वतःच जायला हवं. ह्याच चालण्यात त्याला आपला किनारा ओळखीचा होतो असं जाणकार मानतात. पिल्लं नसतील त्या दिवशी कासवमित्राला अर्धा तास बसवून हेच सगळं त्याच्या तोंडून ऐकव आणि त्याला त्याचे पैसे दे. पुण्याची माणसं ऐकतात, चहा गरम मिळाला तर.

फोनवर मी काय सांगते ते सांगू? "मासळी ताजी मिळेल ह्याची हमी माझी. कासवाची हमी कासवालाच माहीत." दहातले दोघे फोन ठेवतात. ठेवू देत. तेच दोघे आले असते तर हॅचरीची जाळी हलवून बघितली असती.

आता ग्रामसभा. गाड्यांवर सगळे बोलतील, त्या डोळ्यांना दिसतात. मी तुझ्या जागी असते तर आधी दिव्यांचा विषय काढला असता. अंड्यातून निघालेलं पिल्लू उजेडाच्या दिशेने जातं. अंधाऱ्या किनाऱ्यावर समुद्राची बाजूच जास्त उजळ असते, म्हणून ते बरोबर पाण्याकडे वळतं. तुमचे हॅलोजन लागले की ते सुरूच्या बनात शिरतं, आणि सकाळी कावळे बघून घेतात. कोणी म्हणेल की पिल्लं तर हॅचरीतून सोडतात, दिव्यांचा काय संबंध? संबंध असा, की दर हंगामात एखादं-दुसरं घरटं नजरेतून सुटतंच, आणि मादी मुळात अंधार बघूनच वर येते. ह्याला उपाय स्वस्त आहे. समुद्राकडच्या बाजूने दिव्याला पत्र्याचं झाकण, पांढऱ्याऐवजी पिवळा बल्ब, तो खाली बसवलेला, आणि रात्री दहानंतर बंद. कोणाचा धंदा बुडत नाही, कोणाचं कर्ज थकत नाही, त्यामुळे ठराव होतो. पहिला ठराव होणारा असावा. तुझा ओटा समुद्राकडे आहे का? मग रिसॉर्टवाल्याच्या आधी तुझा बल्ब.

चुलतभावंडांचं अवघड आहे, पण ते तेवढंही अवघड नाही. घरटी असतात ती भरतीच्या रेषेच्या वर, कोरड्या वाळूत. एटीव्ही ओल्या, घट्ट वाळूवरच नीट चालते, कोरड्यात फसते. तेव्हा दिवसाच्या वेळा ठरवा, हॅचरीपासून लांबचा तुकडा ठरवा आणि पुळणीवर उतरायची वाट एकच ठेवा. रात्री आणि पहाटे चाक नको म्हणजे नको. चाकाच्या चरात पडलेलं पिल्लू बाहेर चढू शकत नाही, ते चरातूनच लांबवर चालत राहतं. हे त्यांना नकाशावर दाखवू नकोस, एकदा पहाटे दिरांसारख्या कोणाबरोबर पाठव.

बुग्यालवेडा

माईंना सलाम. मी रत्नागिरीचा, पण उन्हाळा-पावसाळ्यात जमेल तेव्हा उत्तराखंडात असतो, आधी नुसता ट्रेकर म्हणून, आता ग्रुप घेऊन जातो. तिथलं उदाहरण द्यायचा मोह आवरत नाही.

रूपकुंडच्या वाटेवर आली आणि बेदनी ही दोन बुग्यालं लागतात. बुग्याल म्हणजे झाडांची रेषा संपल्यावरची गवताची कुरणं. तिथे तंबूंची गावंच वसायला लागली होती. ऑगस्ट २०१८ मध्ये नैनीतालच्या उच्च न्यायालयाने बुग्यालांवर रात्रीचा मुक्काम बंद केला आणि माणसांची संख्या दोनशेवर आणली. गवतासाठी उत्तमच झालं. पण लोहाजंग आणि वाण ह्या पायथ्याच्या गावांत खेचरवाले, स्वयंपाकी, वाटाडे होते, त्यांचा हंगाम एका निकालाने गेला. मी ज्यांच्या घरी उतरायचो तो माणूस नंतर डेहराडूनला गेला.

त्याच्या उलट नंदादेवी. १९८२ मध्ये राष्ट्रीय उद्यान झालं आणि आतला सगळा भाग गिर्यारोहणाला बंद. लाता, रेणी ह्या गावांचं पोट त्या मोहिमांवर होतं. रेणी म्हणजे चिपको आंदोलनातली तीच, जिथे १९७४ मध्ये गौरादेवी आणि गावातल्या बायका झाडं तोडणाऱ्यांना आडव्या उभ्या राहिल्या. जंगल वाचवणारे तेच आणि जंगलाबाहेर काढलेलेही तेच. त्यांनी पुढे आंदोलन केलं, आणि २००१ मध्ये लाता गावात जमून स्वतःचा जाहीरनामा केला, की पर्यटन आमच्या गावांच्या हातात असेल आणि ते निसर्गाला झेपेल एवढंच असेल. २००३ पासून बाहेरचा थोडा भाग मर्यादित संख्येने उघडला.

माझा मुद्दा एवढाच, की गावाने नियम केले नाहीत तर एक दिवस कोर्ट करतं, आणि कोर्टाला तुमच्या चुलतभावाचा कर्जाचा हप्ता माहीत नसतो. फुलांच्या घाटीत आजही आत मुक्काम करता येत नाही, सगळे घांघरियाला उतरतात आणि दिवसाउजेडी जाऊन परत येतात. तरी घांघरियाची हॉटेलं हंगामात भरलेली असतात. रात्री पुळण बंद ठेवली म्हणून तुमच्या खोल्या रिकाम्या राहतील असं मला वाटत नाही.

चाक आणि चूल

सगळे एकाच सुरात बोलतायत म्हणून मुद्दाम लिहितो. मी दुसऱ्या गावातला, पण एटीव्हीचाच धंदा आहे, दोन गाड्या, दोन्ही कर्जावर. मे महिना आणि दिवाळी सोडली तर आमच्याकडे शनिवार-रविवारच असतात, त्यात हे कासवांचे महिने म्हणजे ऐन थंडीचे, गर्दीचे. ओडिशात लाखांनी कासवं येतात. इथे एका गावात काही डझन घरटी. त्यासाठी आम्ही का उपाशी राहायचं? वर बाहेरून येणाऱ्यांच्या जड गाड्यांना कोणी अडवत नाही, कारण ते पाहुणे. आमच्या हलक्या गाड्या मात्र डोळ्यात खुपतात.

माईंनी वेळा ठरवायचं सुचवलंय ते एक वेळ चालेल. बाकी व्याख्यानं नकोत.

बुग्यालवेडा

पाहुण्यांच्या गाड्यांचा मुद्दा शंभर टक्के बरोबर. ठरावात पहिलं वाक्य तेच हवं.

पण ओडिशाची कासवं वेगळी आणि आपली वेगळी, हे गणित आता जमत नाही. जानेवारी-फेब्रुवारी २०२२ मध्ये भारतीय वन्यजीव संस्था आणि कांदळवन प्रतिष्ठान ह्यांनी आपल्या किनाऱ्यावर पाच माद्यांच्या पाठीवर सॅटेलाइट टॅग लावले. वेळासची प्रथमा, आंजर्ल्याची सावनी आणि गुहागरच्या वनश्री, रेवा, लक्ष्मी. २०२३ च्या फेब्रुवारीत गुहागरला आणखी दोन, बागेश्री आणि गुहा. त्यातली बागेश्री दक्षिणेला गेली ती श्रीलंकेला वळसा घालून थेट बंगालच्या उपसागरात. आणि त्याहून मोठी गंमत जानेवारी २०२५ मधली. भारतीय प्राणी सर्वेक्षण विभागाने २०२१ मध्ये ओडिशात जिच्या पराला धातूची पट्टी लावली होती, ती मादी गुहागरच्या पुळणीवर अंडी घालायला हजर. तिथली लाखातली एक इथे येते, इथली तिथे जाते. तुम्ही ज्यांना डझनभर म्हणताय त्यांचा हिशेब एकाच किनाऱ्यावर मांडता येत नाही.

तारकर्लीचो तांडेल

सगळा मालवणीत लिवलंय तर निम्म्यांका कळूचा नाय, म्हणान शुद्धात लिहितो.

नियम कसे करू नयेत ते आमच्याकडे येऊन बघा. १९८७ मध्ये मालवणला सागरी अभयारण्य जाहीर झालं, सुमारे २९ चौरस किलोमीटर, सिंधुदुर्ग किल्ला त्याच्या पोटात. मासेमारी करणाऱ्यांना आधी विचारलं असतं तर गोष्ट वेगळी झाली असती. झालं काय, की वर्षानुवर्षं अभयारण्य म्हटलं की आमच्या लोकांच्या कपाळाला आठी. माझा बाप त्या सभांना जायचा. त्याचं कासवाशी काही वाकडं नव्हतं, रापण (किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं) कुठे ओढायची ह्याची काळजी होती. आता निम्मी पोरं स्नॉर्कलिंगवर जगतात, तीच आता आलेल्याला सांगतात की प्रवाळावर पाय देऊ नका. कारण प्रवाळ मेलं तर गिऱ्हाईक काय बघणार? अधिकाऱ्याने सांगून जे झालं नाही ते गिऱ्हाइकाने केलं.

डॉल्फिनचं पण तसंच. एक डॉल्फिन वर आला की पाच होड्या त्याच्यावर धावतात. मी इंजिन हळू करून लांब थांबतो, ते आपणहून जवळ येतात कधी कधी. आले नाहीत तर नाहीत. माई म्हणतात ते हमीचं खरं. "डॉल्फिन दिसला नाही तर पैसे परत" असा बोर्ड ज्याने लावला त्यानेच सगळ्यांच्या होड्या बिघडवल्या. मेल्यांनू, त्येंका जरा श्वास तरी घेवक देवा.

आणखी एक. तुमच्या गावात जाळीवाले असतील तर त्यांना हे सांगा. जाळ्यात कासव, डॉल्फिन, देवमासा असं संरक्षित जनावर अडकलं आणि जाळं कापून सोडलं, तर सरकार जाळ्याची भरपाई देतं, २५ हजार रुपयांपर्यंत. डिसेंबर २०१८ पासून योजना आहे. फोटो किंवा व्हिडिओ लागतो, म्हणून सोडताना एकाने मोबाइल धरायचा. ग्रामसभेत हे आधी सांगितलंत तर कोळीवाडा तुमच्या बाजूने बसेल. नाहीतर त्यांना वाटतं, कासवाचं नाव काढलं म्हणजे आता आपल्या पोटावर काहीतरी येणार.

सदाशिव पेठी

पुणेकर म्हणून बाजू मांडायला हवी. आम्ही गेल्या वर्षी वेळासला गेलो होतो. सकाळी दोरीच्या मागे एवढी गर्दी, की मला पिल्लांपेक्षा लोकांचे मोबाइलच जास्त दिसले. मुलीला खांद्यावर घेतलं म्हणून तिला दिसलं. जेवण मात्र अप्रतिम. प्रश्न असा की ही गर्दी तरी कासवांना चांगली आहे का? नाना फडणवीसांच्या गावात एवढी अव्यवस्था!

वाडीवाली माई

नाना फडणवीसांना मध्ये आणलंत म्हणजे तुम्ही खरेच पुणेकर.

गर्दी होते, हे खरं. सुट्ट्यांना टाळा, आठवड्याच्या मधल्या दिवशी या, निम्मी माणसं असतात. पण वेळासचं थोडं सांगते. २००२ मध्ये चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने, भाऊ काटदरे आणि त्यांच्या सोबत्यांनी, तिथे काम सुरू केलं तेव्हा किनाऱ्याकिनाऱ्याने अंडी चोरीला जायची. आमच्या सासूबाई सांगायच्या, अंडी टोपलीतून दारावर विकायला यायची, कोणाला त्यात वावगं वाटत नसे. कायद्याने तेव्हाही गुन्हाच होता. १९७२ चा वन्यजीव कायदा, पहिल्या अनुसूचीतला प्राणी, आता तर तीन ते सात वर्षांची शिक्षा. पण टोपलीवाल्या बाईला अनुसूची कोण सांगणार? संस्थेने गावातलीच माणसं कामाला घेतली. २००६ पासून महोत्सव भरवायला लागले आणि पाहुणे उतरले गावातल्या घरांमध्ये. घरोघरी जेवण, घरोघरी झोपायची सोय. अंडी विकून जे मिळत होतं त्यापेक्षा पिल्लू दाखवून जास्त मिळतं, हे बायकांच्या हातात रोख आलं तेव्हा पटलं.

म्हणून चाक आणि चूल ह्यांना सांगते, तुमचं म्हणणं मी उडवून लावत नाही. कासव वाचल्याचा फायदा खोलीवाल्यांना आणि तोटा एटीव्हीवाल्यांना, असं झालं तर तुम्ही विरोध करणारच. मी पण केला असता. आमच्याकडे हंगामात दर पाहुण्यामागे पन्नास रुपये बाजूला काढतो, प्रत्येक घर काढतं, वही देवळात असते, कोणीही उघडून बघावी. त्यातून कासवमित्रांना मानधनाच्या वर काहीतरी मिळतं, आणि ज्या दोघांनी पहाटेच्या आणि रात्रीच्या फेऱ्या बंद केल्या त्यांनाच रविवारी पार्किंगचं काम दिलं. पाहुण्यांच्या गाड्या वाळूत जाऊ द्यायच्या नाहीत, हे तेच बघतात. पूर्वी रुतलेली गाडी ओढायचे पैसे घ्यायचे, आता रुतू न द्यायचे घेतात. दोघांतला एक अजून कुरकुरतो. कुरकुरू दे, वहीवर सही तरी करतो.

मला न आवडणारी गोष्ट पण सांगते. काही ठिकाणी "महोत्सव" म्हणून मंडप, डीजे आणि पाहुण्यांचे सत्कार. पिल्लं सोडायला पुढारी उशिरा येणार म्हणून पिल्लं टबात थांबवून ठेवलेली मी पाहिली आहेत. पिल्लाच्या अंगात पहिल्या पळापळीपुरती शक्ती असते, ती टबात घालवायची आणि मग दमलेलं सोडायचं. ग्रामसभेत हेही लिहून घे. पिल्लं निघाली की सोडायची, कोणासाठी थांबवायची नाहीत, सरपंचासाठीसुद्धा.

माडाखालचा

सगळ्यांचे मनापासून आभार. इतकं मिळेल असं वाटलं नव्हतं.

थोडी प्रगती सांगतो. काल ओट्यावरचा ट्यूबलाइट काढला, पिवळा बल्ब लावला. आई म्हणाली, "मासे साफ करताना मला दिसत नाही." म्हणून मागच्या दारी पांढरा ठेवलाय, तिथून समुद्र दिसत नाही. चुलतभावांशी बोललो. मोठा ऐकतो, धाकटा म्हणाला, "तू पुण्याहून आलास म्हणून आम्हाला शिकवतोस." त्याला कासवमित्रांबरोबर पहाटे पाठवायचं ठरलंय, पण तो चार वाजता उठेल ह्यावर माझा विश्वास नाही.

पुण्याच्या ग्रुपला रात्रीची सफर नाही असं कळवलं. सात जण गळले. पंधरा येतायत, आणि त्यांनाच म्हटलं की फेब्रुवारीऐवजी मार्चअखेर या, पिल्लांची शक्यता जास्त.

दोन शंका. रिसॉर्टवाला गावचा नाही, ग्रामसभेला येणारही नाही. त्याचे हॅलोजन कसे उतरवायचे? आणि तांडेलदादा, भरपाईसाठी बोटीची कागदपत्रं लागतात का? आमच्या कोळीवाड्यात लहान होड्याच जास्त.

तारकर्लीचो तांडेल

नोंदणीचे आणि परवान्याचे कागद काढून ठेवा. अर्ज कुठे द्यायचा ते तुमच्या भागातल्या मत्स्यव्यवसाय खात्याच्या परवाना अधिकाऱ्याला विचारा, सोसायटीत त्यांचा नंबर असतोच. जनावर सुटलं त्याच दिवशी कळवा, आठवड्याने गेलात तर कोण विश्वास ठेवणार.

चाक आणि चूल

माई, ती पार्किंगची कल्पना आमच्या ग्रामपंचायतीला सांगून बघतो. पण ठेका आधीच सरपंचांच्या मेव्हण्याकडे आहे.

वाडीवाली माई

मग मेव्हण्याच्या हाताखाली रविवारचे दोन माणूस म्हणून लागा. ठेका त्याचा राहू दे, रोजंदारी तुमची.

माडाखालच्या, रिसॉर्टचं असं कर. मालकाकडे जाऊ नकोस, मॅनेजरकडे जा, आणि जाताना दहावीतल्या दोन पोरींना घेऊन जा ज्यांनी शाळेत कासवांचा प्रकल्प केला असेल. तक्रार घेऊन गेलास तर तो मालकाला फोन लावेल आणि मालक वकिलाला. त्यापेक्षा त्याला सांग की हंगामात पाहुणे सकाळी सातला हॅचरीवर आणायचे असतील तर गावाचा माणूस सोबत देऊ, दिवे मात्र दहाला बंद हवेत. त्याला पाहुण्यांना सांगायला काहीतरी हवंच असतं. नाहीच ऐकलं तर ठरावाची प्रत वनपालांना आणि तहसीलदारांना द्यायची, पण ते दुसऱ्या खेपेला.

आणि ठराव लिहिताना तारखा घाल. "हंगामात" असं लिहिलंस तर प्रत्येकाचा हंगाम वेगळा निघतो. आम्ही १ नोव्हेंबर ते ३१ मे लिहिलंय, म्हणजे उशिरा आलेल्या मादीचं शेवटचं घरटंही त्यात येतं. झाकणाचा पत्रा गंजतो, दर पावसाळ्यानंतर बदलावा लागेल, तेवढा खर्च त्या पन्नास रुपयांच्या वहीतून टाक.

सदाशिव पेठी

माई, आम्ही ह्या वेळी तुमच्याकडेच येतो. मुलीची परीक्षा मार्चअखेर संपते. बुधवारी आलो तर जागा आहे का? आणि शाकाहारी जेवण मिळतं ना?

वाडीवाली माई

मिळतं. फणसाची भाजी, सोलकढी, आंबोळ्या. व्यक्तिगत निरोप करा. गाडी देवळाजवळ लावायची, पुढे चालत यायचं, बॅगा न्यायला मुलगा येईल.